बाईसाहेबांची नेमणूक

'खर्चाचा अंदाज' असं ज्या कागदाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, त्या कागदाला दयामाया ठाऊक नसते. नियमकाकांनी तो आधी चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून वाचला आणि शेवटी सवयीप्रमाणे खालची बेरीज तपासली. बेरीज बरोबर होती. एकोणतीस वर्षं सरकारी रेकॉर्ड विभागात काढलेल्या माणसाला कुठल्याही कागदात एखादी तरी चूक सापडतेच, आणि तिच्या जोरावर तो कागद निदान आठ दिवस परत पाठवता येतो. पण जनावरांच्या दवाखान्यातला हा कागद अगदी पक्का होता. रक्ततपासणी, एक्स-रे, भूल, औषधं, दोन दिवसांचा मुक्काम, आणि तळाला 'दात काढणे, दर दाताला इतके'.

दर दाताला म्हणजे काय, असं नियमकाकांनी विचारलं. डॉक्टरबाई तरुण होत्या आणि त्यामुळे अजून शांतपणे समजावून सांगत होत्या. मांजराच्या, म्हणजे बाईसाहेबांच्या, हिरड्या पार बिघडल्या होत्या. सगळे दात काढल्याशिवाय दुखणं थांबणार नव्हतं आणि दुखणं थांबल्याशिवाय पोटात काही जाणार नव्हतं. पंधरा दिवस पुरेल असं दुखण्यावरचं औषध त्या देत होत्या, पण त्याच्या आत काय ते ठरवायला हवं होतं, कारण अकरा वर्षांचं मांजर अर्धपोटी फार दिवस काढत नाही. मांजराला तीस दात असतात, बाईसाहेबांचे सव्वीस उरले होते. चार दात तिनं आपले आपण, फुकटात पाडून ठेवले होते हे कळल्यावर नियमकाकांना या मांजराबद्दल आयुष्यात पहिल्यांदाच कौतुक वाटलं.

एरवी त्यांचं आणि तिचं फारसं जमत नसे. बाईसाहेब हे नाव तिला तिच्या चालण्यावरून पडलं होतं. घरातल्या चांगल्या खुर्चीवर ती बसायची, आणि नियमकाका ऑफिसातून दमून आले की ती त्यांच्याकडे अशी बघायची, जणू भेटीची वेळ संपली आहे. पण मांजर त्यांचं नव्हतंच. ते अप्पांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं होतं. अप्पांचं वय ब्याऐंशी. आई गेल्यापासून अप्पा घरात दोघांशीच मोकळेपणानं बोलत, एक रेडिओ आणि दुसरी बाईसाहेब. त्यातला रेडिओ गेल्या वर्षी बंद पडला.

नियमकाकांनी घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा अप्पांनी तो पुन्हा विचारून घेतला. बायकोनं कपाटातला जुना डबा काढला, त्यात डोकावली आणि परत झाकण लावलं. त्या डब्यात घरातल्या प्रत्येक भावी खर्चाची जागा ठरलेली होती, आणि त्यात सगळ्यात वरची जागा होती अप्पांच्या नव्या कवळीची. जुनी कवळी इतकी सैल झाली होती की अप्पा शिंकले की सगळे आधी कवळीला धरायला धावत. नव्या कवळीचं माप देऊन झालं होतं.

तिसऱ्या दिवशी कवळीवाल्याचा ऑफिसात फोन आला. तुमचे वडील येऊन कवळी रद्द करून गेले, साचा तयार आहे, त्याचं काय करू, असं तो विचारत होता. नियमकाका त्या दिवशी तासभर आधी घरी आले. अप्पा खिडकीशी बसले होते. मांडीवर बाईसाहेब होती आणि समोर बशीत कुस्करलेला मऊ भात होता, ज्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं.

"अप्पा, कवळी का रद्द केलीत?"

"मला मऊ भात जातो," अप्पा म्हणाले. "तिला तोसुद्धा जात नाही."

नियमकाका आत जाऊन उगीचच कपडे बदलत राहिले. मांजरापायी बापानं दात सोडावे आणि मुलानं ते बघत बसावं, ही गोष्ट त्यांना फार लागली. दात दोघांचेही व्हायला हवेत, म्हणजे एकाचे निघायला आणि एकाचे बसायला हवेत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. कसं, ते मात्र ठरलं नव्हतं.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावर एक निवृत्त सेल्समन राहत. त्यांनी आयुष्यभर प्रेशर कुकर विकले होते आणि त्या अनुभवाच्या बळावर ते कोणत्याही आजाराबद्दल अधिकारानं बोलत. त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सुचवल्या. मांजराकडून गुळण्या कशा करवून घ्यायच्या, असं विचारल्यावर प्रत्येक गोष्टीत अडचणीच काढल्या तर जगात काहीच होणार नाही, असं म्हणून ते रागावून निघून गेले. मग कुणीतरी विम्याची आठवण करून दिली. विमा एजंटनं वय विचारलं, दुखणं विचारलं आणि मांजर मुळात धडधाकट आणि लहान असतं तर आनंदानं विमा उतरवला असता, असं सांगून हात वर केले. शेजारच्या वहिनींनी तर मोबाइलवरून लोकांना मदतीचं आवाहन करायची जबाबदारीच उचलली. त्यासाठी केविलवाणा फोटो हवा होता. वहिनींनी दोन दिवसांत चाळीस फोटो काढले आणि चाळीसही फोटोंत बाईसाहेब अशी दिसत होती की, मदत तिच्याकडूनच मागावी. शेवटी वहिनींनी त्यातल्या त्यात बरा फोटो टाकला. त्याला शेकडो लोकांनी 'किती गोड' म्हटलं आणि एकानं तिला एखाद्या शांपूच्या जाहिरातीत काम द्या असं सुचवलं.

अशा रीतीनं पंधरातले चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सेल्समन राग विसरून पुन्हा आले आणि म्हणाले की, नदीपलीकडे सरकारी पशुरुग्णालय आहे, तिथं सगळं फुकट होतं. हे त्यांनी पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं, हे नियमकाकांनी विचारलं नाही. पशुरुग्णालयाच्या खिडकीत बसलेल्या कारकुनानं टोपलीत डोकावून बघितलं आणि हिचं काम काय, असा प्रश्न केला. इथं फक्त कामाच्या जनावरांवर उपचार होत. गाडीचे घोडे, पहाऱ्याचे कुत्रे, शेतावरचे बैल. दुसरा कुणी असता तर ठोकून दिलं असतं काहीतरी. पण नियमकाका हे नियमकाका होते. एकोणतीस वर्षांत त्यांनी कागदावर किंवा तोंडी एक खोटं अक्षर काढलं नव्हतं, आणि त्यामुळेच ऑफिसात लोक त्यांना मान देत आणि डबा खाताना टाळत.

"झोपणं," नियमकाका म्हणाले. "आणि मधूनमधून जागा बदलणं."

कारकुनानं खिडकीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. नियमकाकांनी पाटी वाचली, अगदी खालच्या बारीक अक्षरांपर्यंत. तळाला लिहिलं होतं: 'सरकारी व निमसरकारी कार्यालयांच्या सेवेतील इतर कोणतेही जनावर, किमान सहा दिवसांच्या सेवेचा दाखला जोडल्यास.' त्यांनी ती ओळ वहीत उतरवून घेतली, खाली तारीख टाकली, आणि परतीच्या बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसले असताना त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी रंग आला.

याचं कारण त्यांच्या रेकॉर्ड विभागात एक पद रिकामं होतं. 'उंदीर-प्रतिबंधक, पद एक.' वीस वर्षांपूर्वी सापळे लावणारा एक गृहस्थ त्या पदावरून निवृत्त झाला, आणि पुढे कुणी आलंच नाही. पद रद्द करायचा प्रस्ताव एकदा निघाला होता, पण ती फाईल उंदरांनी खाल्ली. तेव्हापासून पद होतं, उंदीर होते आणि मधला माणूस तेवढा नव्हता. आता तो माणूसच असायला हवा असं कुठं लिहिलंय, हे बघायला नियमकाकांनी सेवानियमांचं पुस्तक आणखी एकदा पहिल्या पानापासून वाचून काढलं. उमेदवार उंचीनं किती असावा, त्याला चष्मा चालेल का, त्याच्यावर खटला आहे का, हे सगळं होतं. त्याला शेपूट नसावं असं कुठंच नव्हतं.

त्यांनी रीतसर टिपणी लिहिली. 'श्रीमती बाईसाहेब, वय अकरा' अशी सुरुवात करून 'आदेशार्थ सादर' असा शेवट केला, आणि ती साहेबांकडे पाठवली. टिपणी परत आली. समासात साहेबांनी लिहिलं होतं, 'वैद्यकीय दाखला?' आणि इथं माशी शिंकली. नेमणुकीसाठी उमेदवार निरोगी असल्याचा दाखला हवा. निरोगी व्हायला उपचार हवेत. उपचारांसाठी नेमणूक हवी. आजवर किमान शंभर माणसांना नियमकाकांनी अशाच कुठल्या ना कुठल्या चक्रातून फिरवून घरी पाठवलं होतं, तेही शांत चेहऱ्यानं. ती माणसं खिडकीबाहेर उभी राहून कशी बघत, ते त्यांना आता आठवायला लागलं. त्यांना जरा लाजही वाटली. पण लाजेनं दात निघत नाहीत म्हणून ते पुन्हा पुस्तकात शिरले आणि 'तात्पुरत्या, विनावेतन नेमणुकीस वैद्यकीय दाखल्याची अट नाही' हे कलम घेऊनच बाहेर आले.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. तब्येत बरी आहे ना, असं काळजीनं विचारलं. नियमकाकांनी मग सगळं खरंखरं सांगितलं, सव्वीस दात, पंधरा दिवस, अप्पांची रद्द केलेली कवळी आणि पाटीवरची शेवटची ओळ. साहेबांनी टिपणी पुन्हा पुढ्यात ओढली. मग म्हणाले की, नियमकाकांनी त्यांच्याकडे आजवर कधी काही मागितलेलं नाही, आणि मागायला लागले तेही नियमात बसवून, तेव्हा नाही म्हणायला जागा कुठं आहे. त्यांनी सही केली. या सगळ्यात आणखी तीन दिवस गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाईसाहेब कामावर रुजू झाली. अप्पांशिवाय ती टोपलीत बसेना, म्हणून अप्पाही आले, आणि त्यांना आत सोडायला 'कर्मचाऱ्यासोबत आलेले नातेवाईक' असा पास फाडावा लागला. पहिल्याच दिवशी हजेरीचा प्रश्न आला. सही येत नसेल तर अंगठा, असा नियम. अंगठा नसेल तर काय, याबद्दल नियम मौन. नियमकाकांनी शाईच्या पॅडवर तिचा पुढचा पंजा टेकवला आणि हजेरीपटावर उठवला. ठसा सुरेख उठला. फक्त नंतर पंजा पुसायच्या आत ती टेबलावरून चालत गेली. टेबलावर एका जुन्या हद्दीच्या भांडणाचा नकाशा पसरलेला होता. दोन सख्खे भाऊ एका भिंतीपायी सतरा वर्षं भांडत होते, एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि नेमके त्याच दिवशी नकाशा बघायला आले होते. ऐन भिंतीवर तीन पंजे उमटलेले बघून दोघांनी सतरा वर्षांत पहिल्यांदा एकत्र बसून एक अर्ज लिहिला. तो मांजराविरुद्धच्या तक्रारीचा होता. नियमकाकांना त्यावर लेखी खुलासा द्यावा लागला. 'सदर ठसे हद्द दर्शवीत नाहीत' असं त्यांनी लिहिलं. त्यांच्या नावावरचा हा पहिलाच खुलासा होता.

पुढं संघटनेचे चिटणीस येऊन नव्या कर्मचाऱ्याला जेवणाची सुट्टी मिळते का, याची चौकशी करून गेले. शिपायानं तक्रार केली की, ती कामाच्या वेळात झोपते. साहेबांनी विचारलं, आणखी कोण कोण झोपतं, आणि तक्रार तिथंच मिटली. बाईसाहेब फायलींच्या कपाटावर चढून बसे ती संध्याकाळीच उतरे. औषधानं दुखणं दबलं होतं, पण खाणं नावालाच, एखाददुसरा चमचा पातळ पेज. उचलली की हाताला हाडं लागत.

अप्पा मात्र बदलत चालले होते. पहिल्या दिवशी ते भिंतीकडच्या स्टुलावर मुकाट बसले. दुसऱ्या दिवशी एका नव्या कारकुनाला दोऱ्याची गाठ नीट मारायला शिकवलं, कारण त्यांनीही उभं आयुष्य गोदामातल्या पावत्या बांधण्यात घालवलं होतं. तिसऱ्या दिवशी चहाला लोक त्यांच्या स्टुलाभोवती जमले. नियमकाकांनी दाराआडून ऐकलं, अप्पा हसत होते आणि सैल कवळी तालात वाजत होती. हा आवाज घरात कित्येक वर्षांत ऐकला नव्हता, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते तसेच दाराआड उभे राहिले.

रेकॉर्ड विभागात आणखी एक वही होती: 'कुरतडलेल्या कागदांची नोंदवही.' रोज संध्याकाळी कपाटं बघायची आणि उंदरांनी नव्यानं काय खाल्लं ते लिहायचं. रोज पाच-सहा नोंदी ठरलेल्याच. आता अप्पा काठी टेकत प्रत्येक कपाट बघून येत, आणि नियमकाका खात्रीसाठी त्यांच्या मागून बघून येत. सहा दिवसांच्या सहा ओळींत एकच शब्द होता: 'निरंक'.

औषधाच्या पंधराव्या दिवशी तिघं सेवेचा दाखला घेऊन पशुरुग्णालयात गेले. या वेळी कागद बघून खिडकीतल्या कारकुनाला काही सुचेना, म्हणून त्यानं त्यांना अधीक्षकबाईंकडे पाठवलं. अधीक्षकबाईंनी नेमणुकीचा आदेश वाचला, हजेरीपटाची प्रत वाचली, पंजाचे सहा ठसे मोजले. नियमकाकांना त्यांच्याबद्दल एकदम आदर वाटला, कारण इतकं सगळं वाचणारं माणूस त्यांना स्वतःखेरीज आजवर भेटलं नव्हतं. मग बाईंनी बाईसाहेबांचं तोंड उघडून बघितलं, कागद मिटले आणि सांगितलं की, कागद चोख आहेत, पण उपचार मिळणार नाहीत. जनावर पुन्हा कामाला लागेल असेच उपचार इथं करता येत. उंदीर पकडणाऱ्या मांजराचे दात काढायचे म्हणजे तिला कामावरून काढायचंच की. लंगडा घोडा आम्ही बरा करतो, म्हणाल्या, पण पाय कापून परत पाठवत नाही.

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच नियमकाकांजवळ पुढचं कलम नव्हतं.

"आजवर हिनं उंदीर किती पकडले?" बाईंनी विचारलं.

इथं एक आकडा सांगितला असता तर तो तपासायला कुणी येणार नव्हतं. नियमकाकांनी टोपलीकडे बघितलं, मग अप्पांकडे बघितलं.

"एकही नाही," ते म्हणाले, आणि त्यांना वाटलं, संपलं आता.

अप्पांनी काठी भिंतीला लावली, कापडी पिशवीतून नोंदवही काढली आणि टेबलावर उघडी ठेवली. कवळी खिशात होती. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते ती काढूनच ठेवत, मध्येच दगा देईल म्हणून.

"बाई, हिला महिनाभर काही चावता आलेलं नाही," अप्पा म्हणाले. "दात असून नसल्यासारखेच होते. तरी ही तिथं बसली आणि सहा दिवसांत एक उंदीर फिरकला नाही. हे बघा, ही या आधीची पानं आणि ही त्यानंतरची. हिचं काम दातांचं नाहीच. ती तिथं आहे, एवढंच तिचं काम आहे."

नियमकाका बापाच्या बोळक्या तोंडाकडे बघत राहिले. खिडकीशी गप्प बसलेले अप्पा, बंद रेडिओ, आणि आपण ऑफिसातून येऊन चपला काढता काढता 'जेवलात का' एवढंच विचारून आत जात होतो, हे सगळं त्यांना एकदम आठवलं. अधीक्षकबाईंनी आधीची पानं वाचली, नंतरची वाचली आणि पेन उघडलं. त्यांनी लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्याच्या कर्तव्यासाठी दात अनिवार्य नाहीत, असे नोंदवहीवरून दिसते. उपचार मंजूर.' इतकं नेटकं वाक्य नियमकाकांनी नोकरीत फार थोड्या वेळा वाचलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि दुसऱ्या खेपेला चष्म्यावर धुकं आल्यामुळे नीट दिसलं नाही.

सव्वीसही दात निघाले. बाईसाहेब दोन दिवस सगळ्या जगावर रुसून होती. चौथ्या दिवशी तिनं वाटीभर मऊ भात खाल्ला, वाटी चाटली, आणि नियमकाकांच्या ताटाकडे अशी बघायला लागली, जणू ते चुकून तिकडे वाढलं गेलं आहे. त्याच संध्याकाळी नियमकाका कवळीवाल्याकडे गेले. साचा त्यानं टाकला नव्हता. बरेच लोक रद्द करतात, म्हणाला, आणि मग त्यांची मुलं येतात.

नवी कवळी घट्ट बसली. बायकोनं कौतुकानं अप्पांसाठी खास कडक भाजलेला पाव आणि शेंगदाणे ठेवले. अप्पांनी कवळी काढून भांड्यात ठेवली आणि बाईसाहेबांच्या शेजारी बसून मऊ भात खायला सुरुवात केली. इतका खटाटोप कशासाठी केला मग, असं बायकोनं विचारलं, तर अप्पा म्हणाले, "ती एकटी पडेल ना."

सोमवारी सकाळी नियमकाका चपला घालत होते, तर अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, नवी कवळी बसवून दारात उभे. हातात टोपली, टोपलीत बाईसाहेब, गालफडं बसलेली पण मान ताठ.

"चल लवकर," अप्पा म्हणाले, आणि नव्या कवळीत शब्द कसे स्वच्छ उमटले. "दहा मिनिटांच्या वर उशीर झाला की तिची अर्धी रजा लागते."

तात्पुरत्या, विनावेतन कर्मचाऱ्याला मुळात रजाच नसते. अर्धी नाही, पाव नाही, कसलीच नाही. हा नियम कुठल्या पानावर आहे, हे नियमकाकांना पाठ होतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, अप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि चुकीचा नियम ऐकूनही आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले.

"द्या ती टोपली इकडे," एवढंच म्हणाले, आणि तिघंही भराभर जिना उतरायला लागले.